मदत हवी आहे: कॅटामरानच्या डोलकाठीवर क्लीट आणि कप्प्या बसवायच्या आहेत, भोकं कुठे आणि रिव्हेट कोणते?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

भुसावळहून लिहितोय. माझ्याकडे होबी १६ जातीची जुनी कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली शिडाची होडी) आहे, गोव्याकडून सेकंडहॅण्ड आणलेली. लांबी पाच मीटर, रुंदी अडीचच्या थोडी आत, वजन दीडशे किलोच्या खाली आणि डोलकाठी आठ मीटरची. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवजवळ तापी-पूर्णा एकत्र येतात तिथे पाणी चांगलं रुंद आहे. परवानगी काढून तिथेच चालवतो. पावसाळ्यात होडी घरी असते. वर पाऊस झाला की धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती आणि कधी उघडतील याचा नेम नसतो. थंडीत पाणपक्षी उतरलेले असतात, तेव्हा उथळ भागाकडे मी फिरकत नाही. (इथे आणखी कुणी शिडाच्या होड्या आणल्या तर त्यांनीही हे पाळावं, कळकळीची विनंती.)

म्हणजे खरा मोसम उन्हाळा. आणि उन्हाळ्यातला आपल्याकडचा वारा समुद्रावरच्यासारखा धरून वाहत नाही. पडतो, पाणी आरशासारखं होतं, आणि मग एकदम झोत येतो. झोत आला की डाउनहॉल (शिडाची कड खाली ताणणारी दोरी) ताणून मोठं शीड सपाट करावं लागतं, तेही लगेच. सध्या तिथे नुसती दोरी आणि गाठ आहे. भरल्या शिडात ती हाताने ताणली जात नाही.

म्हणून डोलकाठीच्या खालच्या भागात दोन्ही अंगांना एकेक चपटी कप्पी आणि दोरी धरणारा कॅम क्लीट बसवायचा आहे. जिबच्या (पुढच्या लहान शिडाच्या) हॅलियार्डचा, म्हणजे ते वर चढवायच्या दोरीचा, क्लीटही बदलायचा आहे. आधीच्या मालकाने तो साध्या लोखंडी स्क्रूंनी बसवलाय. स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचलीय, अ‍ॅल्युमिनियम फुगून आलंय आणि एक भोक लांबट झालंय. जुन्या भोकातून मोजलं तर डोलकाठीच्या भिंतीची जाडी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरते. क्लीटचं बूड चार मिलिमीटर.

अडचण अशी आहे की ही डोलकाठी आतून पोकळ आणि दोन्ही टोकांना बंद आहे. होडी कलंडली तर हीच काठी पाण्यावर तरंगून तिला आडवी धरते आणि आपल्याला ती परत उभी करता येते. आत पाणी शिरलं तर होडी पूर्ण पालथी होते. हतनूरमध्ये गाळ किती आहे ते इथल्या माणसांना सांगायला नको. शेंडा गाळात रुतला तर काठी वाकलीच म्हणून समजा. त्यामुळे ड्रिल हातात घेण्याआधी विचारतोय.

रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे, स्टेनलेसचे की आणखी कुठले? भोकं कुठे पाडायची आणि कुठे अजिबात नाही? पाणी आत जाऊ नये म्हणून काय भरायचं? जळगाव-भुसावळात बोटीचं सामान मिळत नाही, पण रिव्हेट आणि सीलंटचा तोटा नाही. तेव्हा इथे मिळणाऱ्या वस्तूंत काय भागेल तेही सांगा.

शिडवाला

फोटो नाहीत, पण वर्णन नेमकं आहे, त्यामुळे सांगता येतं.

आधी जोर कुठल्या दिशेने येतो ते पाहा. क्लीटवर ओढ काठीच्या लांबीच्या दिशेने येते, म्हणजे रिव्हेट कातरला जाईल असा जोर. तो रिव्हेट चांगला सोसतो. कप्पी मात्र दोरीच्या कोनामुळे बाहेर उचलली जात असेल तर रिव्हेट उपटला जातो, आणि तिथे तो कमजोर. म्हणून कप्पी अशी लावा की दोरी काठीला चिकटूनच चालेल. खरेदीच्या आधी ती नुसती चिकटपट्टीने लावून, दोरी ओवून, ओढून बघा.

रिव्हेट: क्लीट आणि कप्प्यांना अ‍ॅल्युमिनियमचे नकोत. स्टेनलेस किंवा मोनेलचे घ्या. मोनेल हा निकेल-तांब्याचा मिश्रधातू, डोलकाठीच्या कामात नेहमी वापरला जाणारा. मिळाला तर उत्तम, नाही तर स्टेनलेस चालेल. तुमचं पाणी गोडं आहे, त्यामुळे दोन धातूंमधली झीज समुद्रापेक्षा पुष्कळ हळू होईल. पण होडी समुद्रावरून आलीय, जुन्या भोकांत मीठ असणारच. काठी गोड्या पाण्याने नीट धुवा, भुकटी खरवडून काढा आणि नव्या फिटिंगखाली पातळ प्लास्टिकची चकती घाला. रिव्हेटच्या अंगाला झिंक क्रोमेटची पेस्ट लावलीत तर आणखी बरं.

माप ४.८ मिमी घ्या. तुमची भिंत आणि बूड मिळून सव्वासहा होतात, तिथे १२ मिमी लांबीचा रिव्हेट बसतो. चकती जाड असेल तर ती धरून पुन्हा हिशेब करा. लांबी कमी पडली तर रिव्हेटचं आतलं टोक नीट फुगत नाही, आणि वरून पाहून ते कळतही नाही.

स्क्रूसाठी आटे पाडायचा विचार असेल तर सोडा. एम ५ च्या आट्याचा पिच ०.८ मिमी. सव्वादोन मिलिमीटरच्या भिंतीत जेमतेम तीन आटे धरतात.

आता जागा. एकाच उंचीवर काठीच्या भोवती भोकांची माळ करू नका, काठी तिथेच मोडते. डावी-उजवी फिटिंग थोडी वर-खाली ठेवा. श्राउड आणि फोरस्टे (काठीला बाजूंनी आणि पुढून धरणाऱ्या तारा) जिथे अडकतात त्याच्या आसपास नवं भोक नको. शीड सरकतं त्या खाचेला ड्रिल लागता कामा नये. आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं, आणि कडेची धार काढून टाका. चीर धारेपासूनच सुरू होते.

लांबट झालेल्या भोकात पुन्हा क्लीट लावू नका. ते साफ करून बंद तोंडाच्या रिव्हेटने सीलंटसकट बुजवा आणि क्लीट काही बोटं वर घ्या.

सेक्शनवाला

जळगाव एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचं काम करतो. होडीतलं मला कळत नाही, रिव्हेट आणि सीलंट कळतं. काम सोपं शे भाऊ, घाई नका करू.

ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, खालून खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर म्हणून मागा, काचेच्या फसाडला लागतं ते. इथे कुठेही मिळेल. स्टेनलेसचा रिव्हेट साध्या हातगनने ओढायला जाऊ नका. लांब दांड्याची गन लागते, ती बसबॉडीवाल्यांकडे असते.

एक गोष्ट मात्र इथल्या उन्हाची आहे. तुमची काठी बंद नळी आहे. मे महिन्यात दुपारी ती हात लावू देणार नाही इतकी तापते, आतली हवाही तापते. अशी तापलेली काठी पाण्यात पडली की हवा एकदम थंड होऊन आकसते आणि रिव्हेटच्या कडेला केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढून घेते. नुसतं पाणी लागणं वेगळं आणि ओढलं जाणं वेगळं. बंद खिडकीच्या पाइपात पहिल्या पावसात पाणी कसं साठतं ते आम्ही दर वर्षी बघतो.

तपासायलाही तेच ऊन वापरा. काम झालं, सीलंट वाळलं की सकाळी गार असताना काठी अंगणात स्टँडवर ठेवा. ऊन चढायला लागलं की प्रत्येक रिव्हेटवर साबणाचं पाणी लावा. आतली हवा फुगत असते, फट असेल तिथे बुडबुडा येईल. दोन्ही टोकांच्या झाकणांवरही लावा.

लाइनमन

प्रश्नाला सोडून आहे, पण राहवत नाही. आठ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची काठी तुम्ही काठावर उभी करता. तिकडे शेतांवरून पंपांच्या ११ केव्हीच्या तारा गेल्यात, पाणी चढलं की तारेची उंची आणखी कमी होते. तार काठीला टेकायची गरज नसते, नुसती जवळ आली तरी पुरते. शेंडा कशाचा आहे?

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार.

लाइनमन भाऊ, काठी अख्खी अ‍ॅल्युमिनियमची आहे. या होड्यांना वरचा भाग फायबरचा देण्याची पद्धत १९८० च्या दशकात आली, ती तारांच्या अपघातांमुळेच. माझी त्याआधीच्या घडणीची आहे. काठी उभी करायची जागा मी तारांपासून लांब ठरवलेली आहे आणि उभी केल्यावर होडी ट्रॉलीवरून हलवत नाही. तरी तुमचं वाचून आता पाण्यावरून जाणाऱ्या तारांची जागाही नकाशावर खूण करून ठेवतो.

सेक्शनवाले भाऊ, ऊन आणि हवेचं तुम्ही सांगितलंत ते मला कुठल्याच होडीवाल्याकडून कळलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात होडी उभी करताना काठी जड का वाटत होती त्याचं कारण बहुतेक हेच. जुन्या स्क्रूंची भोकं तर उघडीच होती. आतलं पाणी काढायला तळाचं झाकण उघडावं लागेल का?

शिडवाले, चिकटपट्टीने लावून बघितलं. डावीकडची कप्पी ठरवलेल्या जागी दोरी बाहेर ओढते, चार बोटं खाली घेतली की दोरी काठीला धरून जाते. पण तिथे ती उजवीकडच्या कप्पीच्या उंचीला येते. मग उजवी वर घेऊ का?

शिडवाला

हो, उजवी वर घ्या. दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या असायची गरज नाही.

पाण्यासाठी झाकण लगेच उघडू नका. काठी हळूहळू दोन्हीकडे तिरकी करून कान लावा, पाणी असेल तर वाहताना ऐकू येईल. असलं तर जुन्या क्लीटची भोकं बुजवण्याआधी तीच बाजू खाली करून निथळत ठेवा, आणि तुमच्या उन्हात एक दिवस वाळू द्या. झाकणाचं सील शाबूत असेल तर त्याला हात न लावलेलाच बरा. ड्रिल करताना आत पडलेला कीसही त्याच वेळी झटकून काढा, आणि रिव्हेटची तुटलेली लोखंडी खिळी (गनने ओढतो तो मधला दांडा) आत राहू देऊ नका. ती गंजते आणि आतून काठी खाते. स्टेनलेस रिव्हेट घेताना खिळीही स्टेनलेसची आहे ना, ते दुकानातच विचारून खात्री करा.