अनुभव धागा: तुमची पोकेमॉन टीम कशी जुळत गेली?

माटुंगेकर:
मुंबईत पोकेमॉनच्या लढती मनापासून खेळणारे आपल्यातले कितीतरी जण आहेत, पण टीम कशी बांधली हे मराठीत सविस्तर कुणी लिहीत नाही. म्हणून हे आमंत्रण. शोडाउनवर (ऑनलाइन लढतींची साइट) सिंगल्स म्हणजे एकास एक खेळत असा, निन्टेन्डो स्विचवर डबल्स म्हणजे दोघांविरुद्ध दोघे खेळत असा, नाहीतर पोकेमॉन गोमध्ये तिघांना घेऊन उतरत असा, लिहा. एकच विनंती: कोण कुणासाठी टीममध्ये आला ते सांगा. माझ्या मते टीम बांधणं म्हणजे तेच.

सुरुवात मी करतो. सिंगल्स खेळतो आणि गारचॉम्प माझा जीव की प्राण. पण तो ड्रॅगन आणि ग्राउंड टाइपचा (टाइप म्हणजे पोकेमॉनची जात, कुठला मार किती लागेल ते तिच्यावर ठरतं), त्यामुळे बर्फाचा मार चौपट, ड्रॅगन आणि फेअरीचा दुप्पट. म्हणून टॉक्सापेक्स घेतला. पाणी आणि विष असल्याने तो बर्फ आणि फेअरी निम्म्यावर झेलतो. त्याला खुपतात ग्राउंड, सायकिक आणि वीज. मग आला कॉर्विनाइट. उडणारा, म्हणून ग्राउंड लागतच नाही. पोलादी, म्हणून सायकिक निम्मा आणि ड्रॅगनही निम्मा. आता विजेला घाबरणारे दोघे झाले. तिथे पुन्हा गारचॉम्प पुढे येतो, कारण ग्राउंडवर वीज शून्य. कॉर्विनाइटला आग लागते, ती बाकीचे दोघे निम्म्यावर घेतात. कबड्डीत बचाव करणारे हात धरून उभे असतात तसे हे तिघे.

उरलेल्या तिन्ही जागा मी मारणाऱ्यांना दिल्या. झेलणारे कितीही चांगले असले तरी सामना कुणीतरी संपवावा लागतो.

डोंबिवलीकरीण:
धागा आवडला दादा, पण माझं मत वेगळं आहे. मी खेळते ते ऑफिसला जाता-येता, लोकलमध्ये, फोनवर. मधेच नेटवर्क जातं आणि टायमर मात्र पळत राहतो. तुमच्यासारखी लांबणारी टीम मला परवडत नाही. मला पटापट निकाल लागलेला हवा.

लीडला, म्हणजे सगळ्यात आधी, ग्रिम्सनार्ल. प्रँकस्टर या अंगच्या गुणामुळे त्याचे रिफ्लेक्ट आणि लाइट स्क्रीन हे मार कमी करणारे पडदे समोरच्याच्या आधी पडतात आणि हातात लाइट क्ले ही वस्तू असली की पाचऐवजी आठ टर्न टिकतात. त्या आडोशाला ड्रॅगनाइट उतरवायचा. एचपी (उरलेला जीव) पूर्ण असेल तर मल्टीस्केल या गुणामुळे त्याला मार निम्माच बसतो, तेवढ्यात जोर आणि वेग वाढवणारा एक ड्रॅगन डान्स होऊन जातो. पण समोरच्याने स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) टाकले असतील तर ड्रॅगनाइट आत येतानाच पाव एचपी जातो आणि मल्टीस्केल वाया. म्हणून त्याच्या पायात ते दगड लागू न देणारे हेवी-ड्यूटी बूट्स.

आक्रमक टीमला तोल लागत नाही असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. डोंडोझो समोर आला की कळतं. तो पाण्याचा, आणि त्याच्या अनअवेअर या गुणामुळे डान्स करून वाढवलेला जोर जमेसच धरला जात नाही. हल्ले दोन प्रकारचे, शारीरिक आणि स्पेशल, त्यातला शारीरिक मार तर तो आरामात खातो. तिथे विजेचा किंवा गवताचा स्पेशल हल्ला करणारा कुणीतरी हवाच. सहाही जण एकाच हाताने मारणारे असतील तर एक डोंडोझो सगळी गाडी थांबवतो.

परळचा:
बूट्सवरून आठवलं. माझा लाडका चॅरिझार्ड. आग आणि उडणारा, म्हणजे स्टेल्थ रॉकवर पाऊल पडलं की अर्धा एचपी गेला. 2019 च्या स्वोर्ड-शील्डमध्ये बूट्स आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. तरी नॉक ऑफवाले बूट काढून घेतात, म्हणून रॅपिड स्पिन किंवा डीफॉग करून ते दगड उडवणारा एक जण सोबत ठेवतोच.

बोरिवलीकर:
डबल्सचं गणित निराळं. सहा दाखवायचे, चारच उतरवायचे, सगळे लेव्हल 50 वर. इथे टाइपपेक्षा वेग कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघावं लागतं. माझा भरवसा ट्रिक रूमवर, म्हणजे सगळ्यात संथ तो सगळ्यात आधी. टोरकोलचा बेस स्पीड (मूळ वेग) 20, एचपी पूर्ण असताना इरप्शन या आगीच्या हल्ल्याची ताकद 150, आणि आगीचा जोर वाढवणारं ऊन तो स्वतःच घेऊन येतो. ट्रिक रूममध्ये हा समोरच्या दोघांनाही भाजून काढतो.

अडचण ट्रिक रूम लावण्यात आहे. समोरचे फेक आउट करून आपली चाल हुकवतात, टॉन्ट करून असल्या चाली बंदच पाडतात. म्हणून मादी इनडीडी आणि हॅटरीन ही जोडी. इनडीडीच्या सायकिक टेरेनमुळे जमिनीवर उभ्या असलेल्यांवर फेक आउट चालतच नाही, आणि हॅटरीनच्या मॅजिक बाउन्समुळे टॉन्ट टाकणाऱ्यावरच उलटतो. लावली ती टर्न धरून पाच टर्न, म्हणजे हातात चार. समोरचा प्रोटेक्ट करून, म्हणजे मार अडवून, त्यातली एक खातोच, तेव्हा तीनच धरून चाला. आणि सहातले दोघे वेगवान ठेवा. ट्रिक रूम लागलीच नाही तर बिनघोर खेळता येतं.

माटुंगेकर दादांच्या 'कोण कुणासाठी'चं माझ्या मनातलं सर्वांत सुंदर उदाहरण 2014 च्या जागतिक स्पर्धेतलं. सेजुन पार्कच्या टीमकडे बघा: गॅराडॉसला विजेचा मार चौपट, आणि शेजारी इवलासा पचिरिसू. फॉलो मी करून तो हल्ला स्वतःकडे ओढायचा, आणि वीज आली तर व्होल्ट ॲब्सॉर्ब या गुणाने उलट त्याचाच एचपी भरायचा. पचिरिसूच्या सगळ्या बेस आकड्यांची बेरीज अवघी 405. पार्क विश्वविजेता झाला.

शिवाजी पार्कची आई:
आम्ही मायलेक पोकेमॉन गो खेळतो, ग्रेट लीग, 1500 सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा आकडा) मर्यादा. आमचे तिघे: अझुमरिल, गॅलारियन स्टनफिस्क, अल्टारिया. अझुमरिलला वीज आणि विष लागतं, ते स्टनफिस्क पचवतो. स्टनफिस्कला आग, पाणी, फायटिंग लागतं, ते अझुमरिल घेतो. गवत आणि ग्राउंड अल्टारियाकडे.

एक मुंबईची गोष्ट सांगते. या लीगला अटॅक कमी आणि बचाव जास्त असलेला अझुमरिल चांगला, कारण सीपीच्या हिशोबात अटॅकचं वजन जास्त असतं. पावसाळ्यात पार्कात मरिल (हाच वाढून अझुमरिल होतो) भरपूर दिसतात, पण हवामानाचा बूस्ट असला की कुठलाच आयव्ही (अटॅक, बचाव वगैरेंचा जन्मजात आकडा) 4 च्या खाली जात नाही. मरिल पाणी आणि फेअरी, म्हणजे पाऊस असो की ढगाळ, बूस्ट आहेच. त्यामुळे मी लेकाला सांगितलं, हे कँडीसाठी (पोकेमॉन वाढवायला लागते ती) पकड. लीगचा मरिल ऑक्टोबरच्या उन्हात शोधू. किंवा ट्रेड करायचा, तेव्हा आयव्ही नव्याने पडतात.

आता त्याला शोडाउन खेळायचंय. कुठून सुरुवात करावी?

माटुंगेकर:
ताई, आधी रँडम बॅटल खेळू द्या. तिथे टीम तयार मिळते, त्यामुळे मूव्ह आणि टाइप हाताखालून जातात. मग त्याला त्याचा सगळ्यात आवडता एक निवडू द्या आणि वहीत अठरा टाइपांचा तक्ता आखा. प्रत्येक टाइपसमोर दोन रकाने: टीममधल्या किती जणांना लागतो, कितीजण झेलतात. एखाद्या ओळीत लागणारे तीन आणि झेलणारा एकही नाही असं दिसलं, की पुढचा गडी त्या ओळीसाठी शोधायचा. तक्ता भरला की इथेच टाका, आपण सगळे बघू.