आत्याचं मृत्युपत्र: प्रोबेटचा अर्ज नाशिकला, पुण्याला की मुंबईला?

नाशिकची_लेक
नमस्कार मंडळी. माझी आत्या नुकतीच गेली. आयुष्यभर नाशिकलाच शिक्षिका होती. गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट, पेन्शन, मतदान सगळं इथलंच. आजारपणात भावाकडे पुण्याला नेलं होतं आणि तिथल्याच हॉस्पिटलात ती गेली, त्यामुळे मृत्यूचा दाखला पुणे महापालिकेचा आहे. तिने लग्न केलं नव्हतं. मृत्युपत्र नाशिकलाच रजिस्टर केलंय, एक्झिक्युटर म्हणून (म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारी) माझं नाव आहे. गंगापूर रोडचा फ्लॅट, दादरला वन रूम किचन, काही एफडी आणि शेअर्स. दादरची सोसायटी प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या आदेशाशिवाय, ऐकायला तयार नाही. कोणी म्हणतं मृत्यू पुण्यात झाला म्हणून पुण्याला अर्ज करा, कोणी म्हणतं मुंबईला हायकोर्टच गाठा. आई अंथरुणाला खिळलेली आहे, मला सारखं मुंबईला जाणं शक्य नाही. कुठे करू अर्ज?

निफाडकर
ताई, वाईट वाटलं वाचून. पुण्याचं डोक्यातून काढून टाका. माणूस कुठे गेला याला काही महत्त्व नसतं. त्याचं कायमचं राहणं कुठे होतं आणि मालमत्ता कुठे आहे, एवढंच बघतात. पुण्यात आत्याबाईंचं काहीच नसेल तर तिथल्या कोर्टाला हा अर्ज घेण्याचं कारणच नाही.

आमच्या वडिलांच्या वेळी शेत निफाडला आणि घर नाशिकला, दोन्ही मृत्युपत्रावरच लागलं, प्रोबेट काढलंच नाही. चुलतभावाने फेरफारावर हरकत घेतली तेव्हा प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे चाललं, पण निभावलं.

सातपूरचा_वकील
निफाडकरांचं बरोबर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925, कलम 270 : मृत्यूच्या वेळी कायम वास्तव्य किंवा कोणतीही स्थावर-जंगम मालमत्ता ज्या न्यायालयाच्या हद्दीत, तिथे अर्ज करता येतो. म्हणजे तुम्हाला नाशिक आणि मुंबई दोन्ही दारं उघडी आहेत. मात्र जिथे वास्तव्य नव्हतं, नुसती मालमत्ता आहे, अशा जिल्ह्यात अर्ज केला तर तिथले न्यायाधीश 'दुसऱ्या जिल्ह्यात जास्त सोयीचं' म्हणून तो नाकारू शकतात, कलम 271. राहत्या ठिकाणी ही धाकधूक नाही. कोर्ट फी राज्याच्या एकाच कायद्याने लागते, तेव्हा फीसाठी मुंबई-नाशिक अशी तुलना करत बसू नका.

आता सोसायटीचं. कलम 213 मुळे मुंबईतल्या मालमत्तेला प्रोबेट सक्तीचं होतं. ते कलम संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. सोसायटीला लेखी विचारा की कोणत्या तरतुदीखाली मागताय. बऱ्याच कमिट्या जुन्या सवयीने मागतात.

तरीही तुमच्या बाबतीत मी प्रोबेट घ्याच म्हणेन. आत्या अविवाहित, म्हणजे मृत्युपत्र नसतं तर आईवडिलांच्या पश्चात त्यांच्या वडिलांचे वारस पुढे आले असते: भाऊ, बहिणी, मयत भावंडांची मुलं. यातला कोणीही उद्या उठून मृत्युपत्र खोटं म्हणू शकतो. प्रोबेट झालं की तो प्रश्न सगळ्यांसाठी मिटतो. या सगळ्यांची नावं-पत्ते अर्जात द्यावे लागतील, त्यांना नोटिसा जातील. यादी आत्ताच करायला घ्या, एखादा पुतण्या परदेशात असला की तिथेच घोडं अडतं.

एक विचारायचं राहिलं. महाराष्ट्राबाहेर काही आहे का?

नाशिकची_लेक
हो दादा, सुरतला एक गाळा आहे. भाड्याने दिलेला. त्याने काही फरक पडतो?

सातपूरचा_वकील
पडतो. जिल्हा न्यायालयाचं प्रोबेट राज्यभर चालतं, त्यामुळे नाशिकच्या आदेशावर दादरचं काम होईल. राज्याबाहेर ते तेव्हाच चालतं जेव्हा तिथली मालमत्ता 10,000 रुपयांच्या आत आहे असं न्यायाधीश प्रमाणित करतात. हा आकडा कायद्यात अजून तसाच आहे, त्यात सुरतचा गाळा कुठे बसणार! हायकोर्टाचं प्रोबेट मात्र देशभर चालतं, कलम 273.

पण लगेच मुंबईला धावू नका. नाशिकला केलेल्या मृत्युपत्रातल्या सुरतच्या मालमत्तेला प्रोबेटची सक्ती आधीही नव्हती. भावंडांची संमती असेल तर गाळा मृत्युपत्रावरच नावावर करून घ्यायचा प्रयत्न करता येतो. घरात कोणी विरोधात आहे का, यावर सगळं ठरेल. नसेल तर नाशिक. असेल आणि गाळा मोठ्या किमतीचा असेल, तर एकदाच हायकोर्ट.

दादर_पश्चिम
हायकोर्टात सासूबाईंचं केलंय म्हणून सांगते. टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांच्या विभागात कागद बारकाईने तपासतात. दाखल्यावरचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव यात एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र मागतात. कोणी कॅव्हिएट (प्रोबेटला लेखी हरकत) टाकलं की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. मुंबईचा वकील लावावाच लागतो. आईंची ही अवस्था असताना मी तरी नाशिकच निवडलं असतं.

आणि ताई, मृत्युपत्रावरचे साक्षीदार कोण आहेत? हयात आहेत ना?

नाशिकची_लेक
एक सर होते, ते गेले. दुसऱ्या साक्षीदार म्हणजे कॉलेज रोडच्या कुलकर्णी काकू, शेजारी राहायच्या. बऱ्यापैकी थकल्यात पण लख्ख आठवतं त्यांना. विरोधात कोणी नाही, धाकटे काका जरा रुसलेत एवढंच.

सातपूरचा_वकील
मग बाकी सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात काकूंकडे जा. निदान एका साक्षीदाराने अर्जावर पडताळणीची सही करायची असते, ती त्यांची घ्या. सोबत प्रतिज्ञापत्रही करून घ्या: आत्याने माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली, त्या पूर्ण भानावर होत्या. नोटरी घरी येतात. पुढे साक्षीला बोलावलंच तर कॉलेज रोडवरून सीबीएसच्या कोर्टात रिक्षाने येता येईल. हायकोर्टासाठी मुंबईला फोर्टात नेणं त्यांना झेपणार नाही. नाशिक म्हणण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

धाकट्या काकांना कोर्टाची नोटीस जायच्या आधी स्वतः जाऊन भेटा, मृत्युपत्राची प्रत वाचायला द्या. हातात अचानक समन्ससारखा कागद पडला की रुसलेला माणूस हरकत घेऊन बसतो.

नाशिकची_लेक
काकूंना आत्ताच फोन केला, रविवारी बोलावलंय. काकांकडे भाऊ आणि मी दोघं जातो. नाशिकलाच करते अर्ज. मूळ मृत्युपत्र वकिलांकडे द्यायचं का?

सातपूरचा_वकील
मूळ प्रत अर्जासोबत कोर्टात जमा होते. त्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा, सुरतला एक लागेलच. आणि मूळ कागदाला पंच करू नका, स्टेपल काढू नका.