शब्दचर्चा: उपयुक्ततावादी, आणि 'मरू देणे'

कोरा_कागद: ट्रॉलीच्या कोड्यावरचा लेख मराठीत आणतेय. सुटलेली ट्रॉली, रुळावर पाचजण, शेजारच्या रुळावर एक. खटका ओढून ट्रॉली त्या एकाकडे वळवायची का? ओढणाऱ्याला 'उपयुक्ततावादी' (युटिलिटेरियन, म्हणजे सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त सुख होईल ते योग्य मानणारा) लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, "ते पाचजण जास्त उपयोगाचे होते का?" दुसरा शब्द सुचवा. 'उपयोगितावाद'ने तोच घोळ होईल.

बाड: उपयुक्ततावाद पाठ्यपुस्तकांत रुळलाय, हलवू नका. उपयोगितावाद हिंदी आहे.

तिरकस: शब्द संस्कृत, हिंदीने मक्ता घेतलाय का? आणि हा वाद मांडणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमलाच 'युटिलिटी' (उपयुक्तता) हा शब्द खटकत होता. १७८९ च्या ग्रंथाला १८२२ मध्ये जोडलेल्या टिपेत तो म्हणतो की या शब्दाने सुखदुःख तितकं स्पष्ट सुचत नाही. सरळ सुखवाद म्हणा.

बाड: सुखवादात निव्वळ स्वतःचं सुखही आलं. बहुजनसुखवाद?

तिरकस: 'बहुजन' वाचून आजचा वाचक थेट राजकारणात पोचेल.

आटपाट: सुख = सु + ख. ख म्हणजे चाकातलं आसाचं भोक. ते नीट असेल तर रथ धक्के देत नाही. ट्रॉलीला याहून चपखल शब्द कुठे मिळणार?

तिरकस: ही व्युत्पत्ती सगळे मानत नाहीत. ट्रॉली मानत असेल.

सावकाश: तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या १९६७ च्या मूळ लेखात चालकच ट्राम वळवतो. तो पाचांना मारेल किंवा एकाला, दोन्हीकडे मारणंच. बाजूला उभा असलेला माणूस नंतर जुडिथ थॉमसन यांनी आणला. त्याने काही केलं नाही तर तो पाचांना फक्त मरू देतो. दोघांना एकच क्रियापद लावलंत तर वादच संपला.

कोरा_कागद: 'मरू देणे' तरी चालेल ना?

आटपाट: "मरू दे ते!" म्हणजे 'सोड, नाद सोड'. गंभीर लेखात हसू येईल.

माजघर: आजीचं व्हेंटिलेटर काढायचं ठरलं तेव्हा घरात कुणीच 'मरू दिलं' म्हटलं नाही. 'जाऊ दिलं' म्हणतो. वर्तमानपत्रवाले अशालाही इच्छामरण म्हणतात, ते मला पटत नाही. तिची इच्छा विचारायला ती शुद्धीवर कुठे होती?

बाड: मग दयामरण म्हणा.

माजघर: दया कुणाची? आमची? आम्ही तर थकलो होतो.

तिरकस: इच्छामरण भीष्मापुरतं ठेवा. बाकीच्यांसाठी 'उपचार थांबवले' पुरे.

बाड: दोन शब्दांचं वाक्प्रचार-मरण नको, एक नाम हवं.

सावकाश: आणि ते 'खटका' बदला. खटका बंदुकीला. रुळांना सांधा असतो, तो बदलणारा सांधेवाला.