भागीदारीमुळे इनोव्हेशन, की इनोव्हेशनमुळे भागीदारी? (लघु-मध्यम उद्योग, प्रबंधासाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लघु आणि मध्यम उद्योगांच्या इनोव्हेशनवर बाहेरच्या भागीदारांचा (पुरवठादार, ग्राहक, विद्यापीठं, सल्लागार, कधी चक्क स्पर्धकसुद्धा) काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. वाचन बऱ्यापैकी झालंय, घोडं अडलंय ते डेटापाशी.

लॉर्सन आणि सॉल्टर यांचा २००६ चा पेपर इथे काहींना माहीत असेल. ब्रिटनमधल्या २,७०७ उत्पादक कंपन्यांच्या माहितीवरून त्यांनी दाखवलं की बाहेरचे स्रोत वाढवत गेलं की आधी फायदा होतो, पण एका मर्यादेनंतर तो घटायला लागतो. छोट्या कंपनीत ही मर्यादा लवकर येत असावी, असा माझा अंदाज. तिथे भागीदाराचे फोन घेणारा, डिझाइन तपासणारा आणि बँकेत खेटे घालणारा माणूस एकच असतो हो!

आता अडचण. माझी प्रश्नावली युरोपातल्या कम्युनिटी इनोव्हेशन सर्व्हेच्या धर्तीवर आहे. 'गेल्या तीन वर्षांत नवं उत्पादन आणलं का?' आणि 'गेल्या तीन वर्षांत कोणाबरोबर काम केलं?' कालावधी तोच, मग आधी काय झालं हे कळणार कसं? मुळात हुशार कंपन्यांनाच चांगले भागीदार मिळत असतील, तर माझं रिग्रेशन (कोणत्या घटकाचा किती परिणाम, हे काढायचं गणित) भलत्यालाच श्रेय देतंय.

जवळच्या विद्यापीठापर्यंतचं अंतर इन्स्ट्रुमेंट म्हणून (म्हणजे इनोव्हेशनवर फक्त भागीदारीच्या वाटेनेच परिणाम करणारा घटक म्हणून) वापरावं, असं गाईडचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. विद्यापीठ जवळ असलं की शिकलेली मुलंही सहज कामाला मिळतात, म्हणजे अंतराचा परिणाम भागीदारीला वळसा घालूनही पोहोचतो.

दुसरं म्हणजे, मुलाखतीत एका मालकांनी सांगितलं की करार विद्यापीठाशी आहे, पण साच्यातली खरी सुधारणा पुरवठादाराच्या फिटरने मशीनपाशी उभ्या उभ्या सुचवली. माझ्या तक्त्यात मात्र विद्यापीठापुढे १ आणि पुरवठादारापुढे ०. करार नाही म्हणून मालकांनी तिथे टिकच केलेली नाही!

शिवाय कोहेन आणि लेविंथाल (१९९०) म्हणतात तशी बाहेरचं ज्ञान पचवण्याची कुवत कशी मोजावी? छोट्या कंपन्यांत आर अँड डी (संशोधन आणि विकास) विभागच नसतो, त्यामुळे तो खर्च बहुतेक ठिकाणी शून्य दिसतो. इंजिनिअरांचं प्रमाण घेतलं तर चालेल का?

त्याच कंपन्यांकडे पुन्हा एकदा जायची परवानगी मिळाली आहे, पण जास्तीत जास्त चार प्रश्न वाढवता येतील. तुम्ही कोणते विचाराल?