फ्रान्समधल्या लहान गावात खडकीच्या सॅपरचं नाव शोधायला जायचंय. कुणी गेलंय का?

तलावपाळी:
नमस्कार. सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे लीलला जातोय, तीन आठवडे. पॅरिस जावई दाखवेलच. मला विचारायचंय ते न्यूव चॅपेल नावाच्या गावाबद्दल.

आमच्या ह्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम पलटणीत होते. १९१४ ला पहिल्या महायुद्धासाठी बोटीत बसून गेले ते परत आले नाहीत. मागे राहिली ती ब्राँझची एक मोठी चकती, बशीपेक्षा थोडी लहान. तिच्यावर सिंह आहे आणि हातात त्रिशूळ घेतलेली बाई आहे. त्यामुळे साताऱ्याकडच्या आमच्या घरी ती देवीच समजली गेली. गेली कित्येक वर्षं देवघरात शंखाशेजारी असते. दसऱ्याला चिंचेने घासायची आणि हळदकुंकू वाहायचं. घरात सगळे तिला 'मोठा पैसा' म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच सांगितलं होतं.

परवा लेकीने सांगितलं की त्या गावात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे आणि त्यावर नावं कोरली आहेत. लीलहून एका दिवसात होईल का? ह्यांचा गुडघा दुखतो, फार चालणं जमत नाही. आणि तिथे निरांजन लावलं, नारळ फोडला तर चालतो का? हसू नका.

घोडबंदरकर:
ताई, एवढ्या लांब जाताय तर माँ-साँ-मिशेल बघा. समुद्रातलं बेट, वर मठ. शेतातला खांब काय बघायचा?

सेक्टर १७:
ताई, घोडबंदरकरांचं ऐकू नका. माँ-साँ-मिशेल लीलहून एका दिवसात करायला निघालात तर गुडघा आणि संसार दोन्ही धोक्यात. मी वाशीचा, बँकेतून रिटायर्ड. दोन वर्षांपूर्वी या गावी जाऊन आलो.

आधी उच्चार. 'नव्ह-शापेल' म्हणा, आपल्या 'नव्हं' मधला नव्ह. मी 'न्यूव चॅपेल' विचारत फिरलो आणि एकालाही कळलं नाही.

आता त्या देवीबद्दल. ती ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटनचं प्रतीक. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारने अशी चकती पाठवली होती. हुद्दा लिहीत नसत, जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. सासूबाईंना सांगायची गरज नाही, चाललंय ते चालू द्या. फक्त चिंच थांबवा. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा त्या उठावाच्या अक्षरांत आहे, आणि इंग्रज कारकुनाने नावाचं जे काही केलं असेल ते तसंच्या तसं शोधावं लागेल.

खडकीच्या सॅपर्सचं नाव वाचून मी लिहायला बसलो, कारण २० आणि २१ नंबरच्या कंपन्या याच गावात लढल्या. २८ ऑक्टोबर १९१४. पूल बांधणं, खंदक खणणं हे ज्यांचं काम, त्यांना माणसं कमी पडली म्हणून संगिनी लावून ४७ व्या शीख पलटणीबरोबर गावात घुसवलं. घराघरातून मारामारी झाली, गाव हातात आलं आणि पुन्हा गेलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. पुस्तकांत जी 'नव्ह-शापेलची लढाई' म्हणतात ती नंतरची, १० ते १३ मार्च १९१५. गढवाल रायफल्सच्या गबरसिंग नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो त्यातला.

गाव म्हणाल तर आमच्या वाशीच्या एका सेक्टरपेक्षा लहान. लाल विटांची घरं, एक चर्च, भोवती सपाट शेतं. युद्धात सगळं भुईसपाट झालं होतं, त्यामुळे जुनं काही शोधू नका. स्मारक गावाबाहेर, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्यावर. वर्तुळाकार आवार, दगडी जाळ्या, मध्ये सुमारे १५ मीटर उंच खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. वास्तुकार हर्बर्ट बेकर, तोच दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक बांधणारा. १९२७ साली उघडलं. आतल्या भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, पलटणीप्रमाणे. ज्यांची कबर नाही किंवा माहीत नाही, त्यांची. तिकीट नाही. मी गेलो तेव्हा आत मी एकटाच होतो. जाळीतून वारा असा घोंघावतो की निरांजन टिकणार नाही. नारळ फोडू नका, फुलं ठेवा.

जायचं कसं: लीलहून बेथ्यूनकडे जाणाऱ्या गाडीने ला बासेला उतरा, तिथून पाचेक किलोमीटर. स्टेशनबाहेर आपल्यासारखी रिक्षांची रांग नाही. मी चालत गेलो आणि पस्तावलो. जावयाची गाडी असेल तर प्रश्नच मिटला. तिथून जवळच पोर्तुगीजांचं कब्रस्तान आहे, १,८३१ कबरी, तेही बघा. आपल्याला पोर्तुगीज म्हणजे वसई, पण इथे ते इंग्रजांच्या बाजूने एप्रिल १९१८ मध्ये मार खात होते.

गाडी असेल तर दुपारी नोत्र-दाम-द-लोरेतची टेकडी करा. तिथे २०१४ साली उघडलेलं एक प्रचंड कडं आहे, त्यावर त्या महायुद्धात या भागात मेलेल्यांची ५,७९,६०६ नावं अकारविल्हे लावलेली, देश नाही, हुद्दा नाही, दोस्त-शत्रू एकत्र. मी जाधव शोधण्यात तास घालवला. आरास शहरातले महायुद्धाच्या काळचे वेलिंग्टन बोगदे दुसऱ्या दिवशी ठेवा. जमिनीखाली वीस मीटर आहेत, पण लिफ्ट आहे, गुडघ्याला चालेल. स्वेटर न्या.

कळवा नाका:
तिकीट काढण्याआधी एक करा. मराठा पलटणींतले बहुतेक जण फ्रान्सला नव्हे तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, आणि तिथे मेलेल्या, कबर नसलेल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाखाली आहे. आमचे आजोबा कूतच्या वेढ्यात होते. घरचे मात्र शंभर वर्षं 'विलायतेत गेले' एवढंच सांगत आले. राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाच्या (CWGC) साइटवर नाव आधी शोधा, फुकट आहे.

सेक्टर १७:
बरोबर. आडनावाच्या भरवशावर राहू नका. पुष्कळदा नोंदीत नुसतं नाव आणि पुढे 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असतं. गावाच्या नावाने शोधा, दहा स्पेलिंगं करून.

तलावपाळी:
काल रात्री नातवाला बसवून केलं. चकतीवर आडनावातलं मधलं अक्षर 'ओ' आहे की 'ए' तेच कळेना. सगळ्या सुनांनी मिळून घासून घासून सपाट केलंय, त्यात माझा हात तीस वर्षांचा. मग गावाच्या नावाने शोधलं. सातव्या स्पेलिंगला सापडलं. आडनाव नाहीच, पण वडिलांचं नाव जुळतं. २० नंबरची कंपनी, २८ ऑक्टोबर, आणि स्मारक नव्ह-शापेलच. हे बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते, मग चहा मागितला.

जावयाने गाडी ठरवली आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या सत्त्याऐंशीच्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पैसा बरोबर न्या, त्यांना दाखवा आणि परत आणा.

एवढी जड चकती हातातल्या पिशवीत ठेवली तर विमानतळावर अडवतील का? बॅगेत टाकायला मन होत नाही.