मदत हवी आहे: स्लेडचे पडत्या काळातले अल्बम

मंडळी, मामाच्या कपाटात स्लेड ह्या ब्रिटिश रॉक बँडची जुनी कॅसेट सापडली, टेप सैल झालेली, पेन्सिल घालून गुंडाळली आणि तेव्हापासून त्यांचा गायक नॉडी होल्डरचा तो घसा फोडून गायलेला आवाज डोक्यातून जातच नाहीये. १९७१ ते ७३ मध्ये ब्रिटनमध्ये ह्यांची सहा गाणी नंबर वन, त्यातली तीन तर १९७३ मध्ये थेट पहिल्या नंबरवरच आली! मग १९७५ ला अमेरिका गाठली, तिथे काही जम बसला नाही, परत आले तर ब्रिटनमध्ये पंक रॉकची लाट, आणि १९७७ चा अल्बम चार्टवर आलाच नाही. मला खरंच वाईट वाटतं, वाजवण्यात कुठे काय कमी होतं हो? १९८० ला इंग्लंडमधल्या रीडिंग रॉक फेस्टिव्हलला गायक ऑझी ऑस्बर्नच्या जागी ऐनवेळी बोलावलं तर ह्यांनी मैदान मारलं, १९८३ ला 'माय ओ माय' दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

तर १९७६ नंतरचं नेमकं काय आधी ऐकू? आणि पुण्या-मुंबईत त्या काळातल्या एलपी किंवा सीडी कुठे मिळतील? पुढच्या महिन्यात मामाची साठी आहे, त्याच्याकडे सगळी सुरुवातीचीच गाणी आहेत, म्हणून हे द्यायचंय. प्लीज सांगा.