सहावा महिना लागला, वजन फक्त ३ किलो वाढलंय. मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, मी कोल्हापूरची, पहिलंच बाळंतपण. उंची ५ फूट २ इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ४३ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) १८.५ च्या खाली, कमी वजनात मोडणारा. अशा बाईचं नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं, आता आठवड्याला साधारण अर्धा किलो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पहिले तीन महिने उलट्यांतच गेले. आता काटा ४६ वर अडकलाय. सोनोग्राफीत बाळाची वाढ व्यवस्थित आहे, तरी जीवाला घोर लागतोच.

घरात सगळे मायेनं करतात. सासरे पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन येतात आणि 'फेसासकट पी, ताकद येईल' म्हणतात. पण कच्चं दूध गरोदरपणात चालत नाही, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यांचं मन न मोडता हे कसं सांगू? सासूबाई दोघांचं जेव म्हणत ताट भरतात, पण चार घासांतच छातीत जळजळतं. पांढरा रस्सा तेवढा वाटीभर जातो.

दर दोन तासांनी थोडंथोडं खायचं ठरवलंय. शेंगदाण्याची चटणी-भाकरी, उकडलेलं अंडं, नाचणीची खीर, मटकीची उसळ, केळं. कामावर डब्यात नेता येईल, जळजळणार नाही असं आणखी काय? कमी वजनावरून सुरुवात केलेल्या कुणी असाल तर तुमचं कितव्या महिन्यापासून वाढायला लागलं, तेही लिहा.